फ्लूची कॅप्सूल चालू असताना पेग? पाच दिवसांचा हिशेब

पाऊस ओसरू लागला आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की गोव्यात डिचोलीतल्या आमच्या फार्मसीत तापाची गर्दी होते. चिठ्ठीवर पहिली ओळ ओसेल्टामिविर ७५, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. खाली पॅरासिटामॉल, खोकल्याचं औषध, कधी ॲसिडिटीची गोळी. मी पाकिटावर पेनाने वेळा लिहून देते, सुटे पैसे परत करते, माणूस दोन पायऱ्या उतरतो आणि परत वर येतो. काउंटरवर दुसरं कोणी नाही ना, हे बघून आवाज खाली आणतो, "मॅडम, एक पेग घेतल्यार चलता न्हय?"

असं विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. आमच्यापासून दोन दुकानं सोडून बार आहे आणि न विचारणारे सरळ तिकडे वळतात, हे मला काउंटरवरून दिसतं.

उत्तर आधी सांगते. या कॅप्सूलचं आणि दारूचं थेट वैर नाही. काही औषधांवर घोट घेतला की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या सुरू होतात, तसं इथे होत नाही. तरीही कॅप्सूल संपेपर्यंत आणि ताप पूर्ण उतरेपर्यंत घेऊ नका, असंच मी सांगते. घोटाळा चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत नसतो. तो खालच्या ओळींत असतो, आणि कधी कधी चिठ्ठीवर न लिहिलेल्या गोष्टीत.

आधी ताप कसला आहे ते कळू द्या

गोव्यात पावसाळ्यात अंग मोडून ताप आला म्हणजे तो फ्लूच, असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. डेंगी असतो, मलेरिया असतो. शेतातल्या चिखलात किंवा गोठ्यात उघड्या पायांनी काम केलं असेल आणि पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असू शकतो. २०१५ पासून सत्तरी तालुक्यात काजूच्या बागायतीत राबणाऱ्यांमध्ये माकडतापाचे रुग्णही सापडले आहेत, तो मात्र उन्हाळ्याच्या बाजूचा आजार.

दारूच्या प्रश्नाआधी हे सगळं का, तर लेप्टोमध्ये लिव्हरला आणि किडनीला मार बसतो, डेंगीत रक्तस्रावाची भीती असते. अशा वेळी "सर्दी-ताप आहे, गरम पाण्यातून थोडी घेतो" हे महागात जातं. फ्लूचा ताप सहसा एकदम चढतो: सकाळी ठीक असलेला माणूस दुपारी पांघरुणात. कोरडा खोकला, घसा, डोकं आणि पाठ एकदम धरतात. नुसतं नाक गळतंय आणि माणूस हिंडतो-फिरतो आहे, तर ती बहुधा साधी सर्दी. तिला ही कॅप्सूल लागत नाही.

फ्लूच्या प्रत्येक रुग्णालाही ती लागत नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. सौम्य ताप-खोकल्याच्या 'अ' गटाला घरी विश्रांती आणि साधी औषधं. ताप जास्त आणि घसा फार दुखत असेल, किंवा रुग्ण गरोदर, पाच वर्षांखालचा, पासष्टीपुढचा, मधुमेहाचा, दम्याचा, हृदयाचा, किडनीचा वा लिव्हरचा असेल, तर 'ब' गट. तिथे डॉक्टर कॅप्सूल सुरू करतात. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळी, रक्तदाब खाली हा 'क' गट, त्याने फार्मसीत यायचंच नाही, हॉस्पिटल गाठायचं. यातला लिव्हरचा शब्द लक्षात ठेवा. दारूने लिव्हर आधीच दुखावलेल्या माणसाला कॅप्सूलची गरज जास्त आणि पेगचा धोकाही जास्त.

घरातल्या डब्यात गेल्या वर्षीची अर्धी पट्टी उरली आहे म्हणून आपणच सुरू करू नका. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं, त्याला कारण आहे.

कॅप्सूल नीट घ्या

चिठ्ठीवर टॅमिफ्लू असो, फ्लुविर असो की अँटिफ्लू, आतलं औषध एकच: ओसेल्टामिविर. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे एकूण दहा. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून तो त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरुवात झाली तर उपयोग सगळ्यात जास्त. उपयोग म्हणजे काय, तर आजार साधारण एका दिवसाने आखडतो. जादू नाही. पण जोखमीच्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर तेवढ्यावरही पाणी सोडत नाहीत.

पोटात जाते तेव्हा ही कॅप्सूल कच्ची असते. लिव्हरमधलं एक एन्झाइम तिचं खऱ्या औषधात रूपांतर करतं आणि मग किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. दारूही त्याच एन्झाइमला थोडं अडवते, निरोगी लोकांवर केलेल्या चाचणीत रूपांतर काहीसं मंदावलेलं दिसलं आहे. एका पेगने कॅप्सूल वाया जाते असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण आपण औषधाच्या मदतीला जात नाही आहोत, एवढं तरी त्यातून कळतं.

तिचा खरा त्रास म्हणजे मळमळ. दहातल्या साधारण एकाला ती होते, काहींना उलटीही होते, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त. म्हणून रिकाम्या पोटी घेऊ नका. वाटीभर उकड्या तांदळाची पेज, बरोबर लोणच्याची फोड, पावाचा तुकडा, काहीही चालेल, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. रात्रीच्या कॅप्सूलआधी दोन पेग झाले असतील तर काय होतं? दारूने पोट आधीच चाळवलेलं, त्यात तापामुळे जेवण नाही, वरून कॅप्सूल. तासाभरात सगळं बेसिनमध्ये. मग काउंटरवर फोन येतो: "ओकलो, आता परत घेऊ काय?" किती वेळाने उलटी झाली, कॅप्सूल दिसली का, यावर ते ठरतं. त्यामुळे फोन करा, विचारा, पण आपल्या मनाने दोन-दोन घेऊ नका.

वेळ चुकली तर आठवल्याबरोबर घ्यावी. मात्र पुढच्या डोसला दोन तासांहून कमी उरले असतील तर चुकलेली सोडून द्यावी. आणि "आज पार्टी आहे, कॅप्सूल उद्या घेतो" हा हिशेब तर सगळ्यात वाईट. त्यात औषधही तुटतं आणि दारूही घडते.

आता चिठ्ठीच्या बाकीच्या ओळी

सगळी पाकिटं टेबलावर ओता. घरात आधीपासून असलेलीही. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, चष्मा लावून वाचा किंवा घरातल्या पोरांकडून वाचून घ्या. पहिला शब्द शोधायचा तो पॅरासिटामॉल.

मागे एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतला हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवला होता. तापाची ६५० ची गोळी दिवसातून तीनदा: १९५०. सर्दीची गोळी, तिच्यात पॅरासिटामॉल ५००, तीनदा: १५००. अंगदुखीची गोळी कोणा मित्राने दिलेली, तिच्यात ३२५, दोनदा: ६५०. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. तो गृहस्थ म्हणत होता, "मी पॅरासिटामॉल तर एकच घेतो." त्याच्या मते बाकीच्या दोन सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या होत्या, पॅरासिटामॉल नव्हेच.

रोज पिणाऱ्यासाठी तर ४००० ची मर्यादा धरूच नये. अनेक डॉक्टर अशा माणसाला दिवसाला २००० च्या आत ठेवतात. कारण असं की पॅरासिटामॉल पचताना त्याचा थोडा भाग विषारी होतो आणि लिव्हर तो आपल्याकडच्या साठ्यातून निकामी करतं. रोजच्या दारूने हा विषारी भाग जास्त तयार होतो. उपाशी राहिल्याने साठा आटतो. फ्लूमध्ये ही दोन्ही संकटं एकत्र येतात: पिणारा माणूस, तीन दिवस धड जेवला नाही, आणि ताप उतरत नाही म्हणून दर चार तासांनी गोळी. लिव्हरचा हा मार लगेच कळतही नाही. पहिल्या दिवशी मळमळ, तीही फ्लूच्या खात्यावर जमा. डोळे पिवळे व्हायला लागतात तेव्हा दोन-तीन दिवस गेलेले असतात.

दुसरा शोध दुखण्याच्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांच्यासोबत दारू म्हणजे जठराच्या अस्तराला दुहेरी चटका, रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतो. शिवाय डेंगीची शंका असेपर्यंत त्या मुळातच नकोत. निमेसुलाइड अजून घरोघरी सापडतं, ते लिव्हरला त्रासदायक ठरू शकतं. पिणाऱ्याने तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरं, खोकल्याचं आणि सर्दीचं औषध. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, कोडीन यांतलं काही बाटलीवर दिसलं तर त्याने झोप येते, आणि दारूनेही येते. दोन्ही मिळून माणूस इतका सुस्त होतो की खोकून कफ बाहेर काढायचं कामही मंदावतं. फ्लूमध्ये नेमकं ते खोकणंच तर हवं असतं. म्हाताऱ्या माणसांचं रात्री मोरीपर्यंत जाताना तोल जाऊन पडणं यातून होतं. पावसातल्या निसरड्या रस्त्यावर स्कूटर चालवायचा तर विचारही नको. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा दारूला आहे, सिरपला नाही. पण खड्ड्याला तो फरक कळत नाही.

फ्लूमध्ये जुलाब झाले की काही जण कपाटातली मेट्रोनिडाझोलची उरलेली गोळी तोंडात टाकतात. सुरुवातीला म्हटलं ना, चेहरा लाल, छातीत धडधड, ओकाऱ्या, त्यासाठी बदनाम असलेल्या औषधांत हीच पुढे. ही गोळी चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस दारूला शिवू नका.

आणि आयुर्वेदिक म्हणून कोणी बघत नाही, पण आसव-अरिष्टांच्या बाटलीवर त्यात आपोआप तयार होणाऱ्या अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. चमचा-दोन चमच्यांनी कोणाला चढत नाही. पण दारू कष्टाने सोडलेल्या माणसाला ती बाटली देण्याआधी त्याला सांगा, ठरवू दे त्याला.

"एक पेग" म्हणजे किती, हे एकदा मोजा

एक पेग विचारणाऱ्याला मी उलट विचारते: कशाचा, केवढा? बाटलीतली फेणी साधारण ४२.८ टक्के. तिचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हुर्राक हलकी म्हणून लोक ग्लास भरून घेतात. ती काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाची, साधारण १५ टक्के, पण लिम्का घालायच्या आधीच २०० मिलिलिटर ओतली तर २४ ग्रॅम, म्हणजे फेणीच्या मोठ्या पेगापेक्षा जास्तच. साध्या बियरची मोठी बाटली २५ ग्रॅमच्या आसपास, स्ट्राँगची चाळीसवर जाते. निरोगी लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. म्हणजे "एकच" म्हणून रात्री आठला घेतलेल्या फेणीला साडेदहा-अकरा वाजतात. गावच्या भट्टीवरून प्लॅस्टिकच्या बाटलीत आलेली असेल तर तिची ताकद भट्टीवाल्याच्या ग्रावांवर (ताकद मोजायचं इथलं जुनं माप) आणि त्याच्या सांगण्यावर, त्यात हा हिशेब लागतच नाही.

औषध म्हणून फेणी हा गोव्यात जुना विषय, त्याला मी हसत नाही. माझी आजी सर्दी झाली की फेणी आणि मिरीपूड गरम पाण्यातून आजोबांना द्यायची, आणि आम्हा पोरांच्या छातीला फेणी चोळायची. तो वास मला अजून आजारपणाचा वाटतो. आजोबांना बरं वाटायचं हेही खरं. दारूने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, अंग ऊबदार वाटतं, डोळा लागतो. पण ती झोप मध्यरात्रीनंतर मोडते, लघवी वाढते, आणि तापाने आधीच सुकलेलं अंग आणखी सुकतं. गरम पाणी, मिरी आणि वाफ यांचं श्रेय फेणी घेऊन जाते. फेणी वगळून तेच करा: मिरी-आल्याचा काढा, गूळ घालून. आणि लहान मुलांना चोळणं मात्र बंदच. त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून अल्कोहोल अंगात जातं आणि साखर उतरण्यापर्यंत मजल जाते.

साखरेवरून आठवलं: इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्यांवर असलेल्या माणसाने तापात, कमी जेवून, दारू घेतली तर साखर झपकन खाली येऊ शकते. घामाघूम होणं, बरळणं, झोकांड्या, हे बघून घरचे म्हणतात "चढली". ग्लुकोमीटर असेल तर आधी बोट टोचा.

चिठ्ठीवर नसलेली ओळ: रोज पिणारा माणूस

हा भाग लिहायचा म्हणूनच बाकीचं लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला मी ही कॅप्सूल दिली. पन्नाशीचा माणूस, शांत, कधी झिंगलेला पाहिला नव्हता. वेळा लिहिल्या आणि वर मोठ्या रुबाबात सांगितलं, "काका, पाच दिवस दारू बंद हं." तेही मान हलवून गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची बायको धावत आली. हात थरथरतात, घामाने बनियन भिजलं आहे, भिंतीवर मुंग्या चालतात म्हणून झाडू मागतात. "तुझ्या त्या कॅप्सूलनं माणूस वेडा झाला गो." या औषधाने भ्रम, विचित्र वागणं झाल्याच्या नोंदी आहेत, बहुतेक लहान मुलांच्या. माझ्याही मनात आधी तेच आलं. मग विचारलं, रोज किती घेतात? एक क्वार्टर, कधी जास्त, वीस वर्षं, न चुकता. आणि गेले तीन दिवस थेंब नाही, माझ्या सांगण्यावरून.

ती दारू एकदम तुटल्याची लक्षणं होती. १०८ बोलावली, हॉस्पिटलमध्ये नेलं, आठवड्याने ते चालत घरी आले. चूक माझी होती. मी हुकूम दिला, पण देण्याआधी जो प्रश्न विचारायचा तो विचारला नाही.

तर आता काउंटरवर मी आधी विचारते: रोज घेता का? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, घोट घेतल्यावर थांबतात का? आधी कधी सोडताना फिट आली होती का? यातल्या कशालाही हो आलं, तर "पाच दिवस बंद" असं मी तिथल्या तिथे सांगत नाही. डॉक्टरांना फोन करायला लावते. तापामुळे बारपर्यंत जाववत नाही म्हणून असे लोक नकळत दारू तोडतात, कोणी सांगावंही लागत नाही.

घरच्यांनी शेवटचा घोट कधी घेतला ती वेळ लिहून ठेवावी. थरथर, घाम, बेचैनी, मळमळ पहिल्या ६ ते २४ तासांत सुरू होतात, आणि नेमकी हीच फ्लूचीही लक्षणं. फिट आलीच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत. भ्रम, भास, वेळ-जागेचं भान जाणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. फ्लूच्या थंडीत माणूस कुडकुडतो तो ताप चढताना, आणि पांघरूण घातलं, ताप उतरला की थांबतो. दारू तुटल्याची थरथर ताप उतरल्यावरही पसरलेल्या बोटांत दिसत राहते. हात पुढे करून बोटं पसरायला सांगा, बघा. भास किंवा फिट दिसली की घरी वाट बघायची नाही.

यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांनीच द्यायची: थरथर आवरणाऱ्या गोळ्या मोजून, उतरत्या डोसाने, आणि बी-१ जीवनसत्त्व. थोडी-थोडी पाजून निभावून न्यायचा घरगुती उपाय करू नका, पण रागाने बाटली ओतून कुलूपही लावू नका. डॉक्टरांना आकडा खरा सांगा. गोव्यात या गोष्टीची एवढी लाज बाळगायचं कारण नाही, डॉक्टरही इथलेच आहेत. पुढे सोडायचीच इच्छा झाली तर बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार होतात. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो.

घेऊन झालीच असेल तर

ओरडण्यात अर्थ नाही. त्या रात्री हे करा.

कॅप्सूलची वेळ झाली असेल तर ती चुकवू नका, थोडं खाऊन घ्या. झोप आणणारं सिरप मात्र त्या रात्री नको. दिवसभरात किती पॅरासिटामॉल झालं ते मोजा, आणि दारू बरीच झाली असेल तर ताप फार असल्याशिवाय रात्री आणखी पॅरासिटामॉल घेऊ नका, ओल्या फडक्याने अंग पुसा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट. अर्धं पाकीट पेल्यात ढवळू नका, प्रमाण बिघडतं. शहाळं असेल तर उत्तम, मिठाची पेज त्याहून सोपी. माणसाला कुशीवर झोपवा आणि खोलीत कोणीतरी असू द्या.

उठवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, धाप लागत असेल, ओठ निळसर, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळसर गाळ, शौच डांबरासारखं काळं, डोळे पिवळे, बरळणं, फिट: यातलं एक जरी दिसलं तर १०८. उतरेल सकाळपर्यंत, असं म्हणू नका. जाताना सगळी पाकिटं एका पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना अर्धी माहिती त्या पिशवीतूनच मिळते.

घरात दुसऱ्याला फ्लू आहे आणि आपण धडधाकट आहोत

कधी डॉक्टर घरातल्या जोखमीच्या माणसाला आधीच कॅप्सूल देतात, दिवसातून एक, साधारण दहा दिवस. त्याला ताप नाही, दुसरं काही औषध नाही, लिव्हर-किडनी ठीक, जेवण नीट. त्याने जेवताना एखादा लहान पेग घेतला तर मी त्याला घाबरवणार नाही. मळमळ वाढली तर पुढच्या वेळी घेऊ नये. मात्र पहिलं शिंकणं-खोकणं सुरू झालं की तो रुग्ण झाला आणि वरचा सगळा हिशेब त्याला लागू.

परत कधी

तीन गोष्टी पुऱ्या होऊ द्या. दहा कॅप्सूल संपलेल्या. तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नाही. आणि दोन वेळचं जेवण पोटात टिकतं आहे. डोळे-लघवी पिवळी असेल किंवा पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखत असेल तर या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून आधी रक्त तपासा.

समजा सोमवारी सकाळी पहिली कॅप्सूल घेतली, शुक्रवारी रात्री दहावी संपली, तापाची शेवटची गोळी गुरुवारी दुपारी. शनिवारी भूक लागली, आंबट कढीभात व्यवस्थित जेवलात. तरी शनिवार सोडा, फ्लूनंतरचा थकवा आणि खोकला आठवडाभर रेंगाळतो. रविवारी दुपारी हुमण-भाताबरोबर (हुमण म्हणजे माशाची आमटी) घ्यायचीच असेल तर ३० मिलिलिटर, पाणी घालून, आणि खोकल्याचं सिरप अजून चालू असेल तर तेही नाही. स्कूटर अंगणातच राहू दे.